‘मास्तर होऊन काय मिळतंय?’ म्हणणाऱ्या पोरांना शिक्षकीकडं कसं वळवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सोलापुरात सेटलमेंट भागात, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना जिथं कोंडून ठेवलं होतं त्या वस्तीत, संध्याकाळची अभ्यासिका चालवतात. अकरावी-बारावीची सतरा-अठरा पोरंपोरी येतात, बहुतेक कैकाडी, वडार, पारधी घरातली, तीन मुली विडी कामगारांच्या. पोरं हुशार आहेत पण सगळ्यांच्या तोंडी पोलीस भरती, शिक्षक व्हा म्हटलं की हसतात आणि म्हणतात ‘मास्तर होऊन काय मिळतंय सर’. वस्तीच्या शाळेत आजवर वस्तीतला एकही शिक्षक आलेला नाही. तर यांना प्रेरणा कशी द्यायची, एखाद्या मोठ्या माणसाचं व्याख्यान ठेवू का, असं विचारलंय.

मी सव्वीस वर्षं डी.एड. कॉलेजात शिकवलं, आता रिटायर आहे. स्वतः सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली, वडील यंत्रमागावर आणि आई विड्या वळायची, त्यामुळं हे उत्तर थोडं लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट स्पष्ट बोलते. तुमच्या पोरांना प्रेरणा कमी पडतेय असं मला वाटत नाही. पहाटे पाच वाजता उठून ग्राउंडवर सोळाशे मीटर पळणाऱ्या पोराला तुम्ही काय प्रेरणा देणार. खरा घोळ दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे आपल्यातला माणूस फळ्यासमोर उभा राहिलेला त्यांनी कधी बघितलाच नाही, त्यामुळं हे काम आपलं असू शकतं हे डोक्यातच येत नाही. आणि दुसरं, जे जास्त अवघड आहे, बारावी ते पहिला पगार यांच्यामध्ये एक मोठा खड्डा आहे आणि त्यात पडलेली पोरं मी मोजून थकले. लोक काय करतात, पहिल्यासाठी भाषणं ठेवतात आणि दुसऱ्यासाठी काहीच करत नाहीत. मग पोरगं भाषण ऐकून पेटतं, डी.एल.एड.ला, म्हणजे शिक्षकाच्या कोर्सला ऍडमिशन घेतं, आणि चार वर्षांनी मार्केट यार्डात हमाली करताना भेटतं. त्याच्यापेक्षा पोलीस भरतीवाला बरा म्हणायची वेळ येते.

आणि पोलीस भरतीला हसू नका हं. जिथं आजोबांच्या पिढीला तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी द्यायला लागायची, गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला तरी पोलीस गाडी वस्तीत यायची थांबली नाही, तिथल्या पोराला वर्दी हवीशी वाटते यात नवल काय. वर्दी घातली की गाडी आपल्या दारात थांबत नाही, एवढा साधा हिशोब आहे तो. शिवाय भरतीचा रस्ता दिसतो, ग्राउंड, लेखी, कागदपत्रं, मेडिकल. गल्लीतला कुणीतरी गेलेला असतो, त्याला विचारता येतं. शिक्षकाचा रस्ता त्याला माहितीच नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही पूर्ण माहिती नसणार, म्हणून तो खाली लिहितेच.

वस्तीतलाच शिक्षक कशाला हवा असं कुणी विचारलं तर हा प्रश्न आजचा नाही म्हणावं. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनला, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला निवेदन दिलं त्यात हेच मागितलं होतं, की प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, ते पोरांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना जास्त कळतील. मला यातला ‘मिसळतील’ हा भाग सगळ्यात खरा वाटतो. चांगला शिक्षक कुठल्याही जातीचा असू शकतो, मला घडवणाऱ्या बाई आमच्यातल्या नव्हत्याच. पण पोरगं आठ दिवस शाळेत आलं नाही तर कुणाच्या घरी जायचं, आई घरी कधी सापडते, कुणाचा बाप कुठल्या कामावर गेलाय, हे ज्याला न विचारता माहीत असतं त्याचं काम निम्मं झालेलं असतं.

आता व्याख्यानाचं. ठेवू नका. ठेवायचंच असेल तर ठेवा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ जिंकले, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम बाकीच्या फायनलिस्टना वाटून दिली. अभिमानाची गोष्ट आहेच. पण मी त्यांचं उदाहरण पोरांसमोर दोन-तीनदा वापरून बघितलं, पोरं टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. एवढा मोठा माणूस बघितला की हे आपल्याला जमण्यातलं नाही एवढंच डोक्यात राहतं. त्यापेक्षा मंद्रूपकडच्या एखाद्या शाळेत दोन वर्षांपूर्वी लागलेला, अजून शिक्षणसेवकच, म्हणजे मानधनावरच असलेला, मोटारसायकलचा हप्ता भरणारा साधा पोरगा बोलवा. तो पाहुणा म्हणून नको, पोरांबरोबर चहा प्यायला येऊ दे. पोरं त्याला पगार विचारतील, विचारू द्या.

मी स्वतः काय करते ते सांगते. मी कुणालाही शिक्षक हो म्हणत नाही. मी त्याच्यासमोर एक लहान पोर बसवते.

सोलापूरजवळ कुंभारीला विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत आम्ही दुसरी ते चौथीच्या पोरांचा वर्ग चालवायचो तेव्हाची गोष्ट. अकरावीतली एक मुलगी, लहान भावाला सोडायला यायची आणि दारात उभी राहायची. एक दिवस शिकवायला माणूस कमी होता म्हणून तिला म्हटलं बस त्या पोरापाशी. तिसरीतला पोरगा, 43 वजा 17 करत होता आणि उत्तर 34 लिहायचा, म्हणजे सातातून तीन वजा करायचा, कारण मोठ्यातून लहान जातात एवढंच त्याला माहीत. आमची डी.एड.ची मुलं त्याला ‘दशकाकडून एक उसना घे’ असं दहा वेळा सांगून दमली होती. या मुलीनं काय केलं, घरातून खराट्याच्या काड्या आणि विडी बांधायचा दोरा आणला, दहा-दहा काड्यांचे चार कट्टे त्यालाच बांधायला लावले, वर तीन सुट्या. म्हणाली, आता मला सतरा दे. पोरानं एक कट्टा दिला, तीन सुट्या दिल्या, आणि तिच्या तोंडाकडं बघत बसला. ती फक्त म्हणाली, ‘कट्ट विप्पु’. तेलुगूत म्हणजे कट्टा सोड. त्यानं दोरा सोडला, चार काड्या अजून दिल्या, उरलेल्या मोजल्या, सव्वीस. पोराचं तोंड बघायला पाहिजे होतं.

पण मला चाट पाडलं ते पुढं. वर्ग सुटल्यावर मी विचारलं की काड्या कशाला, घरात विड्या आहेत की, त्यांचे कट्टे घ्यायचे. तर म्हणाली, ‘विडीचा कट्टा पंचवीसचा असतोय मॅडम, तो पंचवीसवरच अडकला असता, म्हणून दहाचे बांधायला लावले.’ हे दोन वर्षं मानसशास्त्र शिकलेल्यांना सुचलं नव्हतं. पोराला काय येतं आणि त्या येण्यामुळंच ते कुठं अडेल, हे आधी ओळखणं म्हणजेच तर सगळं अध्यापनशास्त्र. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून आली आणि विचारली, ‘भागाकाराला काय करायचं?’ बस, तिथं मी समजले. आज ती अक्कलकोट तालुक्यात कन्नड बोलणाऱ्या पोरांना मराठी शाळेत शिकवते, तिला कन्नडही येतं ते वेगळंच.

तर तुमच्या अभ्यासिकेत हेच करा. बारावीच्या एकेकाला खालच्या वर्गातली तीन-चार पोरं द्या, जास्त नको, आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. एकच काम द्या, समजा हातच्याची बेरीज, आणि महिन्याने बघा पोरांना येतंय का. आणि शक्य असेल तर थोडे पैसे द्या, वर्गणी काढा, पाचशे रुपये का होईना. यावर लोक मला बोलतात की समाजासाठी करायचं तर पैसे कशाला. अहो, ज्या पोराचा बाप संध्याकाळी त्याला बिगारीला चल म्हणतो त्याला फुकट थांब म्हणायचा आपल्याला काय हक्क आहे? पैसे घेऊन घरी गेलं की आईसुद्धा विचारते, काय शिकवलास रे आज. घरात त्या कामाला किंमत येते.

दोन-तीन महिन्यांत तुम्हाला कळेल कोण यातला आहे. अठरातले तीन निघाले तरी लई झाले. मी काय बघते, तर पोराचं चुकलं की हा चिडतो का त्याला कुतूहल वाटतं. चुकलेलं उत्तर बघून ‘असं का लिहिला असेल’ असं ज्याच्या मनात येतं तो शिक्षक होतो, मार्क किती का असेनात. उरलेल्यांना बिनधास्त पोलीस भरती करू द्या, सगळ्यांना शिक्षक करायचा ठेका घेऊ नका.

एक अडचण मात्र सगळ्यांनाच येणार, भाषेची. ही पोरं म्हणतील की आमची मराठी शुद्ध नाही, आम्ही काय शिकवणार. आपल्या सोलापुरात सगळेच ‘मी जेवण केलो’, ‘मी त्याला सांगितलो’ असं बोलतात, त्यात घरी कैकाडी नाहीतर पारधी बोली, गल्लीत कन्नड-तेलुगू, आणि शाळेत कुणीतरी हसलेलं असतं. ते हसणं पोरं वीस वर्षं विसरत नाहीत. मी तरी विसरले नाही, पहिलीत मी पाण्याला नीळ्ळु म्हटलं होतं. माझं म्हणणं असं, की प्रमाण मराठी शिकायचीच, फळ्यावर आणि परीक्षेत तीच लागते, त्यात सूट नाही, रोज एक पान मोठ्यानं वाचायला लावा आणि आठवड्याला एक पान लिहायला लावा. पण बोली सोडायची नाही. पहिलीतलं पोर रडत असताना त्याच्या भाषेत दोन शब्द बोलणारा माणूस शाळेत असणं याची किंमत ज्या शाळेत तो नाही तिथं जाऊन बघा. तसंच ‘हजेरी’ या शब्दाचं. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना हजेरी म्हटलं की शाळा आठवत नाही, चौकी आठवते, आणि नातू शाळेत हजेरी देतो म्हटल्यावर त्यांच्या कपाळावर आठी येते. हे बाहेरच्या शिक्षकाला कुणी सांगत नाही.

आता रस्ता सांगते, इथं नीट लक्ष द्या कारण चुकीच्या माहितीनं पोरांची वर्षं जातात.

पहिली ते पाचवीला शिकवायचं तर बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., जुनं डी.एड. तेच. बी.एड. करून पहिली-पाचवीला लागता येतं असं अजून खूप लोक सांगतात. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट 2023 मध्ये ते बंद केलंय, बी.एड. आता वरच्या वर्गांसाठी. म्हणून ज्याला लहान पोरं आवडतात आणि घरची घाई आहे त्यानं डी.एल.एड. घ्यावं, ज्याला एखादा विषय आवडतो आणि पाच वर्षं थांबायची घरची ताकद आहे त्यानं डिग्री करून बी.एड. कॉलेज निवडताना सरकारी किंवा अनुदानित आधी बघा. आणि ‘हजेरीचं आम्ही बघून घेतो, फक्त परीक्षेला या’ म्हणणारं कॉलेज असेल तर त्याच्या दारात उभं राहू नका, तिथून सर्टिफिकेट मिळतं पण शिकवायला येत नाही.

मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते आठवीसाठी ती लागतेच, 150 प्रश्न 150 मार्क, खुल्या वर्गाला 60 टक्के आणि राखीवला 55 टक्के. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी 30. पूर्वी सर्टिफिकेट सात वर्षं चालायचं, 2021 पासून ते कायमचं झालंय, त्यामुळं एकदा पास झालं की सुटलं. टीईटीत आमची पोरं पडतात ती मानसशास्त्रात नाही, गणितात आणि इंग्रजीत पडतात, आणि त्याचं मूळ सातवी-आठवीत असतं. तुमच्या अभ्यासिकेत पोरं लहानांना गणित शिकवायला लागली की यांचं स्वतःचं गणित आपोआप सुधारतं, हा फायदा मी मुद्दाम सांगत नाही त्यांना.

त्यानंतर टेट, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, 200 मार्कांची, तिच्या मार्कांवर पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या वेबसाइटवरून निवड होते. टीईटी पास व्हायची असते आणि टेटमध्ये मार्क मिळवायचे असतात, नावं सारखी असल्यानं पोरं घोळ करतात. आणि खड्डा म्हणते तो इथं आहे. टेट 2017 ला झाली, मग थेट 2023 ला, मग 2025 ला. 2018 ला डी.एड. करून बाहेर पडलेलं पोर पाच वर्षं नुसतं वाट बघत बसलं. ज्याच्या घरी शेती आहे, आईबापाची नोकरी आहे, तो थांबला. ज्याच्या घरी हजार विड्या वळल्याशिवाय चूल पेटत नाही तो कसा थांबणार? लोक म्हणतात या समाजात चिकाटी नाही. चिकाटीला पण भाकरी लागते की ओ.

म्हणून मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगते की नोकरी कधी लागेल याची गॅरंटी नाही, पदं पटसंख्येवर ठरतात, भरती सरकारच्या मनावर असते. लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, प्राथमिकला महिना 16,000 मानधन, ते पण 2023 ला वाढलं, आधी 6,000 होतं. तीन वर्षांनंतर मूळ पगार 29,200 पासून सुरू. हे आकडे लपवू नका. ऐकून जो जाईल तो जाऊ दे, राहील तो पक्का राहील. आणि मधल्या वर्षांसाठी कायतरी हाताशी ठेवायलाच पाहिजे. डी.एल.एड. झालं की मुक्त विद्यापीठातून बी.ए. सुरू करायचं, सकाळी खासगी शाळा, संध्याकाळी शिकवण्या. शिकवण्यांत आमच्या भागात बऱ्यापैकी पैसे मिळतात, आणि हात चालू राहतो. टेट जाहीर झाल्यावर अभ्यासाला लागणारा मागं पडतो, हे गणित आणि बुद्धिमत्तेचं रोजचं अर्ध्या तासाचं काम आहे.

कागदपत्रांचं आता, आणि इथं माझी स्वतःची चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडं पारधी समाजातला एक मुलगा होता, शिकवायला एक नंबर, पोरांना गोष्ट सांगायला लागला की बाकीचे वर्ग रिकामे व्हायचे. त्याच्या दाखल्यावर फासे पारधी आणि सख्ख्या मोठ्या भावाच्या दाखल्यावर राज पारधी. ज्या शाळेत जो मास्तर बसला होता त्यानं जे ऐकलं ते लिहिलं. आता फासे पारधी अनुसूचित जमातीत आणि राज पारधी विमुक्त जातीत, म्हणजे एकाच आईच्या पोटचे दोन भाऊ दोन वेगळ्या प्रवर्गात. मला हे पहिल्या वर्षीच दिसलं होतं. मी म्हटलं बघू नंतर, आधी अभ्यास कर. यादीत नाव आलं तेव्हा पडताळणीत हेच निघालं, फेऱ्या मारून मारून तो कंटाळला, आणि मग गेला तो गेलाच. टेम्पो चालवतो आता. भेटला की मॅडम म्हणून पाया पडतो आणि मला तोंड कुठं लपवू असं होतं.

तेव्हापासून मी आधी कागद बघते, मग पोरगं. जातीच्या दाखल्यासाठी ठरलेल्या तारखेच्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, जमातीला 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसी आणि विशेष मागासला 13 ऑक्टोबर 1967. आता पालावर जन्मलेल्या माणसाकडं 1961 चा कागद कुठला असणार. पण शोधलं की सापडतं. चुलत्याचा, आत्याचा शाळेचा दाखला, पणजोबाची जन्म-मृत्यूची नोंद, जुनं सरकारी रजिस्टर. आणि सगळ्यात भारी म्हणजे बापाकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी झालेली असेल तर ती, तिच्यावर काम खूप सोपं होतं. पोरगं शाळेत असेतोवर दाखल्यातली चूक दुरुस्त होते, शाळा सोडली की फार अवघड. विमुक्त, भटके, ओबीसी, विशेष मागास यांना नॉन क्रिमीलेयर पण लागतं आणि त्याची मुदत संपते, अर्ज भरायच्या दिवशी ते जिवंत असायला पाहिजे. मी प्रत्येक पोराची एक प्लास्टिकची फाईल करायला लावते आणि त्यातल्या झेरॉक्सचा एक सेट माझ्या कपाटात, कारण पावसाळ्यात पत्र्याच्या घरात कागद टिकत नाहीत.

पैशाचं थोडक्यात. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या वेबसाइटवर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरायचा, आधार बँकेला जोडलेलं आहे का आधी बघायचं, निम्मी पोरं इथंच अडकतात. वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जातीला स्वाधार, जमातीला स्वयंम, आणि ओबीसी-भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा. तुमच्या त्या तीन मुलींना केंद्राच्या कामगार खात्याची विडी कामगारांच्या पाल्यांची शिष्यवृत्ती पण बघा, आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं. आईनं ते काढलेलं असतं, कुठल्या पेटीत आहे एवढंच माहीत नसतं.

बाकी बरंच माणसागणिक बदलतं. मुलींचं वेगळं. पूर्वी आमच्याकडं मुलगी बघायला आले की विड्या वळता येतात का विचारायचे, आता डी.एड. झालंय का विचारतात, पण लग्न ठरलं की दुसरं वर्ष अर्धवट सुटतं. मी आईशी बोलते, बापाशी नाही, आणि बोलणं एवढंच की दोन वर्षं थांबा, सर्टिफिकेट हातात आल्यावर काय करायचं ते करा. उर्दू माध्यमाचं अजून वेगळं. नई जिंदगी, शास्त्रीनगरकडच्या मुली उर्दूत बारावी करतात, त्यांना उर्दू माध्यमाचं डी.एल.एड. घेता येतं, आणि बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन हे सगळे ओबीसीत असूनही घरात दाखला काढलेलाच नसतो. त्यांना पहिलं वाक्य दाखल्याचं सांगा. पद्मशालींना विशेष मागास प्रवर्ग आहे, त्यातही अनेकांना वाटतं आपण ओबीसी.

आणि नोकरी लागली म्हणजे संपलं असं समजू नका. माझी एक विद्यार्थिनी पहिल्या नेमणुकीच्या गावी महिनाभर रोज सोलापूरहून एसटीनं जाऊन येऊन करत होती, कारण आडनाव ऐकलं की खोली ‘आत्ताच दुसऱ्यांना दिली’ व्हायची. शाळेत वेगळाच प्रकार, वस्तीतली पोरं गैरहजर राहिली की सगळे तिलाच म्हणायचे, तुमची माणसं आहेत, तुम्हीच आणा. म्हणजे गणित शिकवायला नेमलेली बाई पोरं गोळा करणारी शिपाई झाली. यासाठी आम्ही आधी लागलेल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केलाय, त्यात कुणी उपदेश करायचा नाही असा नियम आहे, फक्त कुठल्या गावात कुणाची खोली रिकामी आहे आणि मुख्याध्यापकांना काय उत्तर द्यायचं एवढंच चालतं. तुमचं पहिलं पोर लागलं की मला सांगा, त्याला घेते.

तुम्ही शेवटी लिहिलंय की एक मुलगा बारावीत आहे आणि लहानांना शिकवायला त्याला आवडतं असं वाटतं. त्याला उद्यापासूनच चार पोरं द्या. आणि रविवारी त्याच्या घरी जाऊन दोनच गोष्टी बघून या, त्याच्या आणि त्याच्या सख्ख्या भावंडांच्या दाखल्यावर जात एकच लिहिली आहे का, आणि बापाच्या भावकीत कुणाची व्हॅलिडिटी झाली आहे का. हे इथं कळवा, पुढचं मी सांगते. व्याख्यानाचे पैसे वाचतील त्यात खराट्याच्या काड्या येतील आणि चार महिन्यांचं मानधन पण निघेल.